लाकडाचा दाखला

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. रात्रपाळी. शाळा दहावीला सुटली. त्यानंतर जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर, डोळे चुरचुरत असताना. तेव्हा हा लेख प्राध्यापकी होणार नाही. पण ज्या लाकडाबद्दल लिहितोय त्या लाकडाजवळ माझ्या घरची माणसं उभी राहून म्हातारी झाली. काही माणसांना तर त्या लाकडाला हात लावायलाच बंदी होती. म्हणून हे आपणच लिहायला पाहिजे असं वाटतं.

सुरुवात एका ६ डिसेंबरला झाली. दर वर्षीसारखा चैत्यभूमीला गेलो होतो. रांगेतून दर्शन झालं, शिवाजी पार्कवर पुस्तकं घेतली, परतीच्या गाडीला वेळ होता. एक दोस्त म्हणाला, चल, तिकडं दक्षिण मुंबईत हातानं केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन लागलंय, बघून येऊ. गेलो. आत थंडगार हवा, पिवळे दिवे, माणसं हळू बोलत होती. एका टेबलावर धोटा उभा करून त्याचा दिवा केला होता. गिरणीतल्या साच्याचा धोटा. दोन्ही टोकांना पोलादी अणी, पोटात पोकळी, त्या पोकळीत वायर आणि बल्ब. किंमत दोन हजार आठशे रुपये. शेजारी जाड कागदाचं कार्ड : शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या कापडगिरणीचं अस्सल लाकूड, उगमाच्या दाखल्यासह.

दाखल्यासह! मी तिथंच थांबलो. दोस्त म्हणाला, काय झालं रे? म्हणालो, काही नाही, ह्या लाकडाला दाखला मिळालाय.

दोस्तांनो, दाखला म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडं १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आपण बौद्ध झालो १९५६ ला. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या १९९० ला. तरी कागद पाहिजे पन्नासच्या आधीचा, आणि त्याच्यावर तोच जुना शब्द पाहिजे. माझ्या दाखल्याच्या वेळेस बाप आठ महिने फिरला. पणजा १९३४ पासून मुंबईत एका गिरणीत होता, थ्रॉसल खात्यात. मस्टरवर त्याचं नाव असणार, पगारपत्रकावर अंगठा असणार. बाप त्या गिरणीच्या उरलेल्या कचेरीत गेला. जुने कागद वाळवीनं खाल्ले, उरलेले रद्दीत गेले, असं उत्तर मिळालं. शेवटी गावच्या शाळेत आजाचं नाव सापडलं, १९४९ सालचं. त्याच्यावर माझा दाखला निघाला.

म्हणजे हिशेब बघा. त्याच काळातल्या धोट्याला शंभर वर्षांचा दाखला, आणि तिथंच राबलेल्या माणसाच्या नावाची रद्दी. मला राग आला हे खरं. पण नुसत्या रागानं इतिहास होत नाही. लाकडाचा दाखला काढतात कसा, त्यात काय लिहितात आणि काय सोडतात, हे मी तेव्हापासून शोधायला लागलो.

पहिली गोष्ट, हे दाखल्याचं खूळ आलं कुठून? जंगलं चोरून तोडली जातात आणि ते लाकूड फर्निचर होऊन परदेशात विकलं जातं, म्हणून तिकडच्या सरकारांनी कायदे केले. अमेरिकेनं आपला जुना लेसी कायदा २००८ साली वाढवून लाकडाला लावला. युरोपात २०१३ पासून असाच नियम लागू झाला : लाकूड कुठल्या जंगलातलं, कायदेशीर तोडलेलं का, ते दाखवा. आपल्याकडच्या हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेनं त्यासाठी ‘वृक्ष’ नावाची प्रमाणपत्राची पद्धत काढली. भारतात तर १९२७ च्या वन कायद्यापासूनच लाकडाच्या वाहतुकीला परवाना आणि ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का, ही रीत आहे.

पण युरोपच्या त्या नियमात एक मेख होती. जे लाकूड एकदा वापरून झालं, ज्याचं आयुष्य संपलं आणि जे टाकूनच दिलं असतं, त्याला तो नियम लागू नव्हता. म्हणजे नव्या लाकडाला जन्मदाखला पाहिजे, जुन्याला नको. आणि बाजारात तर जुन्यालाच जास्त भाव. मग जुन्या लाकडाचा दाखला कोण लिहितो? विकणारा. त्याला जे विकायचं तेच तो लिहितो. झाड किती जुनं, इमारत किती जुनी, पर्यावरण किती वाचलं. मधली माणसं कुठंच नाहीत.

हे नवीन नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी जहाजं बांधली. इंग्लंडात ओक कमी पडायला लागला होता, म्हणून त्यांच्या आरमाराला मलबारचा साग लागला. त्यासाठी १८०६ साली कंपनीनं मलबारात वॉटसन नावाचा जंगलाचा अधिकारी नेमला आणि सागावर सरकारी मक्ता बसवला. लोक इतके पिचले की १८२३ साली तो कारभार मोडावा लागला. १८१७ साली मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. १८२१ ला इथंच बांधलेलं ‘गँजेस’ १९३० साली प्लिमथला मोडलं, पण त्याच्या कप्तानाची खोली उचलून एका बेटावरच्या हॉटेलात बसवली. ती आजही आहे. इंग्लंडात तेव्हा हा धंदाच होता. जुनी युद्धनौका मोडायची, तिच्या सागाच्या खुर्च्या, पेट्या, मेणबत्तीचे खांब करायचे आणि प्रत्येकावर छोटी पितळी पट्टी ठोकायची : अमुक नौकेच्या सागापासून. पट्टीवर नौकेचं नाव आणि तिचा पराक्रम. ज्यानं मलबारात झाड तोडलं, ज्यानं मुंबईच्या गोदीत फळी खांद्यावर वाहिली, त्याचं नाव त्या पट्टीवर नाही. म्हणजे जुन्या लाकडाचा दाखला लिहायची रीत दोनशे वर्षांतली, आणि माणूस गाळायची रीतही तितकीच जुनी.

आता आपल्या गिरणीकडं येऊ. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला १८५४ साली काढली, १८५६ ला ती सुरू झाली. पुढं परळ, लालबाग, भायखळा, वरळी, सगळं गिरणगाव उभं राहिलं. गिरण्यांत आणि चाळींत तुळया घातल्या त्या सागाच्या, आणि त्यातला मोठा साग ब्रह्मदेशचा. पाडकामवाला आजही ‘बर्मा टीक’ म्हणतो आणि भाव दुप्पट सांगतो.

तो साग कसा आला ते ऐका. १८६३ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली. ब्रह्मदेशच्या जंगलात उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती गोल साल आणि वरचं लाकूड कापायचं. झाड उभ्या उभ्या मरायचं आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळायचं. ओला साग पाण्यावर तरंगत नाही म्हणून ही युक्ती. मग तोडून, हत्तींनी ओढून, नदीत सोडायचं. १८८५ साली तिथला राजा थिबा याच्या दरबारानं कंपनीवर ओंडके चोरल्याचा आळ ठेवून दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच पाहिजे होतं. नोव्हेंबरात फौज घुसली, महिन्याच्या आत मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला अख्खा देश खालसा. साग मुंबईला यायचा तो येतच राहिला आणि राजाला आणून ठेवलं आपल्या रत्नागिरीत. तिथंच तो १९१६ ला मेला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण बघतो, पण गिरणीच्या तुळईशी त्याचं नातं आहे हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही.

तर तुळईचा दाखला असा ब्रह्मदेशापर्यंत जातो. धोट्याचं लाकूड मात्र सागाचं नाही. साग त्याला चालत नाही. धोटा साच्यावर मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो, दोन्हीकडं आपटतो. त्याला चिवट, बारीक रेषेचं, घासून गुळगुळीत होणारं, कुसळ न काढणारं लाकूड लागतं. तसं लाकूड अमेरिकेत मिळायचं, डॉगवूड आणि पर्सिमनचं. लँकेशायरचे कारखानदार त्याचे धोटे करायचे आणि साच्यांबरोबर सामानही तिकडूनच यायचं. हे पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं झाड. ज्या टेंभुर्णीच्या पानात आपल्या बाया विड्या वळतात तीच टेंभुर्णी.

आता मुद्द्याचं. धोट्याच्या एका बाजूला बारीक भोक असतं. त्याला डोळा म्हणतात. पोटात कांडी बसवली की तिच्या सुताचं टोक त्या डोळ्यातून बाहेर काढायचं. कसं? डोळ्याला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत तोंडात येतं. कांडी संपली की पुन्हा. दर काही मिनिटांनी, सगळी पाळी. पाळी बदलली की दुसरा साचेवाला त्याच धोट्याला तोंड लावणार.

तिकडं अमेरिकेत ह्याच्यावर ओरड झाली ती रोगाची. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात, क्षय पसरतो. मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली कायद्यानं तोंडानं सूत ओढणं बंद केलं. आपल्याकडं ओरड झाली ती विटाळाची. महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला मराठ्यानं तोंड कसं लावायचं? म्हणून साचे खात्यात अस्पृश्याला मज्जाव. साचे खात्यात पगार जास्त. तिथं सवर्ण हिंदू आणि मुसलमान. आपली माणसं थ्रॉसलला, झाडूला, कापसाच्या धुळीत.

हे कुठल्या धर्मग्रंथात लिहिलेलं नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साहेबाच्या देशातून आलेल्या यंत्रावर जात बसवली ती आपल्याच मजूर भावांनी. गावात पाणवठा होता, इथं धोट्याचा डोळा पाणवठा झाला. आणि ज्या सुताला थुंकी लागली त्याचं कापड सगळा मुलूख नेसत होता, नेसून देवळातही जात होता. तिथं विटाळ नव्हता. विटाळ होता फक्त जास्त पगाराच्या जागेवर.

१९२८ चा मोठा संप आठवा. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्वच्छ सांगितलं, अस्पृश्य कामगारांना साचे खात्यात घेण्याची मागणी तुमच्या यादीत धरा, नाहीतर आमची माणसं तुमच्याबरोबर नाहीत. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाइलाजानं. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, असं म्हणणाऱ्यांना साच्याजवळची शिवाशिव तोपर्यंत दिसली नव्हती. आणि मालकांनी हात वर केले, हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्याच माणसांचा. मालक साळसूद नव्हते, फुटीचा फायदा त्यांनाच होता. पण त्या एका वाक्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच जास्त लागतं. दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेब म्हणाले की ह्या देशातल्या कामगाराचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण हे वाक्य भिंतीवर लिहितो. मला ते धोट्याच्या डोळ्यात दिसतं. भोक भांडवलदाराच्या यंत्राचं, आणि त्याच्यावर पहारा जातीचा.

मी आजाला विचारलं. त्यानं ऐंशी ओलांडली आहे. १९६२ ला तो गिरणीत लागला, बापाच्याच खात्यात. म्हणालो, आबा, तुमच्या वेळेला साच्यावर जाता यायचं का? म्हणाला, “तोंडावर कोण नाय म्हणायचं नाय बाबा. कायदा झालता. पर बदली कोण देणार? जॉबरच्या हातात. तो म्हणायचा, साचे खातं भरलंय. वीस वरसं भरल्यालंच हुतं.” त्याच्या काळात साच्यावर गेलेले आपले काही होते, तेही त्यानं सांगितलं. पण पणजाच्या वेळेला नाही. पणजानं एकदा दुपारच्या सुट्टीत साचे खात्यात डोकावून एक धोटा हातात घेऊन बघितला होता. नुसता बघितला. चार जण धावून आले. धोटा धुऊन घेतला आणि पणजाचा एक दिवसाचा पगार कापला. हे पणजानं आजाला सांगितलं, आजानं मला. ह्याचा कुठंही कागद नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवतोय.

१८ जानेवारी १९८२ ला शेवटचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. आजा त्यात होता. तो परत आत गेलाच नाही, गावाला आला. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरलं होतं, शहराला, घरांना आणि मालकाला. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, ज्या जागेवर इमारत उभी होती ती वाटणीत नाही. २००६ साली सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम केला. मग काय, पाडा. छपरं उतरली, तुळया उतरल्या, यंत्रं भंगाराच्या भावानं गेली. लाकूड रे रोडला, दारूखान्याला, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, चोरबाजारात गेलं. कामगाराला त्या जमिनीवर काय मिळालं ते तुम्हाला माहीत आहे. लाकडाला मात्र गिऱ्हाईक मिळालं.

आता लाकडाकडं बघून कळतं का? कळतं. मी एक तुटका धोटा चोरबाजारात दीडशे रुपयांना घेतला आणि सुताराच्या दुकानात बसून, जुन्या साचेवाल्या म्हाताऱ्यांना विचारून जे शिकलो ते सांगतो.

धोट्याचा डोळा आधी बघा. साधं गोल भोक असेल आणि त्याची कड ओठ लागून लागून गुळगुळीत झाली असेल तर तो तोंडानं ओढायचा धोटा. डोळ्याला वरून फट असेल, पितळेची किंवा लोखंडाची वाट बसवलेली असेल, तर तो आपोआप ओवायचा, स्वयंचलित साच्याचा. तसे साचे अमेरिकेत १८९४ च्या सुमारास निघाले, पण मुंबईत कित्येक वर्षं साधे लँकेशायरचे साचेच जास्त. म्हणजे धोटा स्वतःच सांगतो की त्याला तोंड लागायचं का नाही. एवढा पक्का पुरावा कुठल्या कचेरीच्या रद्दीत मिळाला नसता.

धोट्यावर ठोकलेला छाप बघा. बनवणाऱ्याचं नाव असतं, कधी गिरणीची खूण, कधी साच्याचा नंबर. तुळईवर खिळे बघा. चौकोनी, घणावर घडवलेला खिळा जुना, गोल तारेचा खिळा नंतरचा. करवतीच्या खुणा बघा. सरळ आणि कमीजास्त असतील तर दोन माणसांनी हातानं कापलेलं, गोलाकार असतील तर यंत्राच्या चक्रीनं. ओळीनं बोल्टची भोकं आणि भोवती काळं तेल मुरलेलं असेल तर तिथं पट्ट्यांनी यंत्रं फिरवणारा दांडा टांगला होता. सागाला दर वर्षाचं एक वलय असतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत अशी वलयं मोजून मागच्या पावसाचा अभ्यास केलाय. कुठल्या साली दुष्काळ पडला ते झाड सांगतं. पण साच्यावर कुणाला उभं राहू दिलं नाही ते वलय सांगणार नाही. ते माणसालाच सांगायला लागतं.

आणि हे सगळं रंधा मारायच्या आधी. कारागीर रंधा मारतो, पॉलिश करतो, भोकं भुशानं बुजवतो. वस्तू देखणी होते आणि साक्ष जाते. कारागिराचा दोष नाही, त्यालाही पोट आहे आणि तोही बहुतेक आपल्यासारखाच. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

प्रदर्शनातल्या त्या बाईंशी मी बोललो होतो. चांगल्या वागल्या. म्हणाल्या, तुम्हाला एवढं माहीत आहे तर कार्डासाठी लिहून द्या ना. गावी आल्यावर मी सहा ओळी लिहून पाठवल्या. लाकूड कुठलं, लँकेशायरचा कारखाना, साचा कसा चालायचा, डोळ्याला तोंड कसं लावायचे, कुणाला लावू देत नव्हते, १९२८ ला काय झालं. पंधरा दिवसांनी निरोप आला, मजकूर फार सुंदर आहे, पण गिऱ्हाईक भेट म्हणून वस्तू घेतं, त्याला उदास वाटेल. नवीन कार्डाचा फोटो पाठवला होता. पहिल्या तीन ओळी जशाच्या तशा. खालच्या तीन नाहीत. खाली मोठ्या अक्षरात पुन्हा : उगमाच्या दाखल्यासह.

ते कार्ड मी आजाला वाचून दाखवलं आणि चोरबाजारातला धोटा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटापालटा केला. डोळ्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुझ्या पणजाला धुऊन घेतलेला धोटा आसाच असंल.” आणि आजीला हाक मारून म्हणाला, “जात्याचा खुटा दाव ह्याला.”

लहानपणापासून ते जातं मी बघतोय. त्याचा खुटा काळा, तेलकट, हाताच्या घामानं चकचकीत. मला वाटायचं बाभळीचा असेल. आजीनं उपसून हातात दिला. बाबीन होती. गिरणीतली लाकडी बाबीन, थ्रॉसलची. पणजानं टाकाऊतली उचलून आणली होती. खालच्या बाजूला घासलेला आकडा आहे, दोन अक्षरं लागतात. आमच्या गिरणीत आता सगळ्या बाबिनी प्लॅस्टिकच्या. आणि इथं पाऊणशे वर्षं ही बाबीन दळण दळतेय. जुन्या लाकडाची हातानं केलेली वस्तू ती हीच की. तिला कार्ड नाही, किंमत नाही. आजी म्हणाली, “त्याच्यात काय बघायचंय? माझा हात हाय त्याच्यावर.”

गावात महारानं मर्तिकाचं सरपण वाहायचं, पाटलाच्या घरी लाकडं टाकायची, ते वतनातलं काम. लाकूड आपल्या डोक्यावर होतं, पण आपलं नव्हतं. वतन १९५९ ला गेलं. आता हे गिरणीचं लाकूड तरी आपल्या नावानं नोंदवलं जावं.

म्हणून माझं म्हणणं असं. आपण पुतळ्यांसाठी लढतो, ते बरोबर आहे. इंदू मिलच्या साडेबारा एकरांसाठी आपले लोक ६ डिसेंबर २०११ ला आत घुसले, २०१२ च्या डिसेंबरात केंद्राला जागा द्यावी लागली, २०१५ च्या ऑक्टोबरात भूमिपूजन झालं. एका गिरणीची जागा बाबासाहेबांच्या नावानं झाली, ही साधी गोष्ट नाही. पण गिरण्यांचं लाकूड अजून घराघरांत, बाजारात, दिवाणखान्यात फिरतंय. त्याचा दाखला दुसऱ्यांनी लिहिला तर त्यात आपण नसणार. ते काम तुमच्या शाखेत, तुमच्या वस्तीत सुरू करा. पैसा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल. वहीत एवढं लिहा :

१. वस्तू काय, आता कुणाकडं आहे, आधी कशाची होती. (माणसाची परवानगी घेऊन.)
२. लाकूड कुठलं. खात्री नसेल तर सुताराला विचारा, त्याचं मत म्हणून लिहा.
३. छाप, नंबर, खिळे, करवतीच्या खुणा. छापावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, अक्षरं उमटतात.
४. गिरणी कुठली, खातं कुठलं.
५. त्या खात्यात कोण काम करायचं.
६. त्या खात्यात कुणाला घेत नव्हते, आणि काय कारण सांगून.
७. हे कुणी सांगितलं, त्याचं वय, तो कुठल्या खात्यात होता. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. खोटं एकही अक्षर नको. आपल्या दाखल्यात एक खोटं सापडलं तर बाकीचं सगळं खोटं ठरवायला लोक टपलेले आहेत.

सहावा रकाना कुठल्याच दुकानाच्या कार्डावर मिळणार नाही. तोच आधी भरा. साच्यावरचे, थ्रॉसलचे म्हातारे आता थोडे राहिलेत. दर पावसाळ्यात दोन-चार कमी होतात. धोटा पन्नास वर्षांनीही चोरबाजारात मिळेल, सांगणारा मिळणार नाही.

मी सुरुवात केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर धोटा नाही, जात्याचा खुटा आहे. वस्तू : बाबीन. खातं : थ्रॉसल. आता कुणाकडं : आजीकडं. सहाव्या रकान्यात लिहिलं, ह्या खात्यातल्या माणसाला साचे खात्यात घेत नव्हते, कारण तोंड. सातव्यात आजाचं नाव. त्याला वाचून दाखवलं. सही कर म्हणालो. त्याला सही येते, पण तो म्हणाला, “म्हाताऱ्याचा आंगठा मस्टरवर हुता, तो त्यांनी रद्दीत घातला. हितं माझा घे.” आणि शाई लावून त्यानं अंगठा उठवला.

जयभीम.